एकोणीस नंबरचं पान

धाकटीला राग आला की ती कामाला लागायची. इतर लोक ताट सरकवतात, दार आपटतात. ही बया काचेच्या नळ्या धुवायला घ्यायची. त्या दिवशी सकाळी साडेदहालाच प्रयोगशाळेच्या ओट्यावर चोवीस नळ्या लखलखीत होऊन ओळीने उभ्या होत्या, यावरून पारा किती चढला होता ते समजा.

कारण होतं एक पत्र. तीन वर्षं राबून लिहिलेला तिचा शोधनिबंध मॅडमनी एका नियतकालिकाकडे पाठवला होता. तिकडच्या कुणा अनोळखी परीक्षकाचा अभिप्राय आला होता. पानभर कौतुक, आणि शेवटी एकच ओळ: 'पानाच्या अर्कात नुसती साखर घालून रंग येतो का, हे लेखिकेने पाहिले आहे काय?'

"पाहिले आहे काय म्हणे!" धाकटी मॅडमसमोर फणफणली. "अर्काचा स्वतःचा पिवळेपणा मी प्रत्येक आकड्यातून वजा केलाय. एकही आकडा सोडला नाही. हा कोण टिकोजीराव मला शिकवणार?"

मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. याच खोल्यांमध्ये पंचवीस वर्षं काढलेली, मोजकं बोलणारी बाई. चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "मग करून दाखव आणि मोकळी हो. तासाभराचं तर काम आहे."

आता हा प्रयोग काय होता ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. गंमत कसली डोंबलाची, पण असो.

आपल्या आतड्यात एक एन्झाइम असतं. पिष्टाच्या लांबलचक साखळ्या कापून साखर सुटी करायची, हे त्याचं काम. हे कापणं मंदावणारं पान सापडलं, तर मधुमेह झालेल्या माणसाच्या रक्तात साखर हळू चढेल. म्हणून धाकटीने चाळीस झाडांची पानं सावलीत वाळवली, कुटली, त्यांचे अर्क काढले. नळीत एन्झाइम, पिष्ट आणि अर्क एकत्र ठेवायचे आणि किती साखर सुटली ते मोजायचं. साखर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शेवटी रंगाचं द्रावण घालायचं. साखर असेल तर नळी गुलाबी होते. जितकी जास्त, तितकी गडद. गुलाबी झाली नाही, तर समजायचं एन्झाइमचे हात बांधले गेले आणि पान कामाचं निघालं.

एकोणचाळीस पानांनी तिला तोंडघशी पाडलं. एकोणीस नंबरने मात्र कमाल केली. कुंपणाच्या कडेला कुठेही माजणारं झुडूप ते, ज्याला कुणी ढुंकून विचारत नाही, पण त्याचा थेंबभर अर्क घातला की नळी गुलाबी व्हायचं नावच घेत नव्हती. बाजारातल्या गोळीपेक्षा तिप्पट जोर! त्या दिवशी धाकटी बसथांब्यापर्यंत अक्षरशः उड्या मारत गेली होती.

तर परीक्षकाचं तोंड बंद करायचं म्हणून तिने बारा नळ्या घेतल्या. एन्झाइम नाही, पिष्ट नाही, काही नाही. सहा नळ्यांत पाणी आणि साखर, म्हणजे ग्लुकोज. सहा नळ्यांत एकोणीस नंबरचा अर्क आणि तेवढीच साखर. साखर तिने स्वतःच्या हाताने मोजून घातली. मग रंगाचं द्रावण घातलं आणि हाताची घडी घालून समोर बसली.

पाण्याच्या नळ्या पाचव्या मिनिटाला गुलाबी व्हायला लागल्या आणि पंधराव्या मिनिटाला डाळिंबाच्या दाण्यांसारख्या झाल्या. पानाच्या नळ्या जशा होत्या तशाच राहिल्या, फिकट पिवळ्या. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला.

"द्रावण घालायला विसरले असेन," ती मोठ्याने म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. तिने पुन्हा बारा नळ्या घेतल्या, या वेळी प्रत्येक थेंबाला बोटांवर मोजत. पुन्हा तेच. मग साखर दुप्पट केली. पानाच्या नळ्यांना गालावर लाली आल्याइतकासुद्धा रंग आला नाही.

मग तिच्या लक्षात आलं. त्या पानात फ्लेव्होनॉइडं नावाची रसायनं ठासून भरलेली असतात. हे तिला माहीत होतं, तिनेच ते निबंधात दोन वेळा लिहिलं होतं. आणि रंगाचं द्रावण एका दमात गुलाबी होत नाही. आधी साखरेपासून पेरॉक्साइड तयार होतं, मग त्या पेरॉक्साइडमुळे रंग उमटतो. फ्लेव्होनॉइडं त्या मधल्या पायरीवरच डल्ला मारत होती. एन्झाइम बिचारं आपलं काम चोख करत होतं, साखर भसाभसा सुटत होती. पाहुणा घरात आला होता, फक्त दारावरची घंटा कुणीतरी काढून ठेवली होती.

आणि ती मूर्ख, अर्काचा पिवळेपणा वजा केला म्हणून स्वतःची पाठ थोपटत बसली होती! पान रंगात भर किती घालतं ते तिने शंभर वेळा मोजलं. पान रंग खातं का, हे एकदाही विचारलं नाही.

मॅडमनी नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"मागे घेऊ या निबंध," त्या म्हणाल्या. "आजच पत्र लिहू."

"तीन वर्षं, मॅडम."

"हो, तीन वर्षं." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "माझंही चुकलं. मी विचारायला हवं होतं. पण एक बरं आहे बघ, सगळं कागदावरच आहे अजून. कुणाच्या पोटात तर नाही ना गेलं?"

धाकटीने मान वर केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण ते एका माणसाच्या पोटात रोज दोन पेले जात होतं. तो माणूस म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा सुतार. स्वतःचा कारखाना, दाराखिडक्यांच्या चौकटी, कपाटं, टेबलं. आई-वडील गेले तेव्हा धाकटी आठवीत होती. तिची फी, तिची पुस्तकं, तिचं वसतिगृह, सगळं दादाच्या रंध्याखालून आलेलं. पाच वर्षांपूर्वी त्याला साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्याने पोट बिघडायचं आणि तो वैतागायचा. त्यात हा एवढा आडदांड गडी सुईला भयंकर भ्यायचा. बोटाला टोचणार म्हटलं की पाचावर धारण बसायची. म्हणून घरी लघवीत बुडवून बघायच्या कागदी पट्ट्या धाकटीनेच आणून दिल्या होत्या. पट्टी हिरवी झाली तर साखर आहे, पिवळी राहिली तर नाही.

उड्या मारत गेली त्या दिवशी तिने दादाच्या घरी जेवताना सगळं त्याला सांगितलं होतं. चार दिवसांनी त्याने कारखान्यामागच्या कुंपणावरून एकोणीस नंबर तोडून आणला आणि काढा उकळायला सुरुवात केली. पट्टी पिवळीच्या पिवळी! दादा खूश, धाकटी त्याहून खूश. तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिला कारखान्याच्या दाराआड गाठून हळूच सांगितलं होतं, "ठमे, गोळ्या बंद केल्यात बरं का मी. तीन आठवडे झाले. पट्टी बघ, स्वच्छ! तुझ्या वहिनीला बोलू नकोस, ती डोकं खाईल."

आणि धाकटी काय म्हणाली? 'असं करू नकोस' म्हणाली, पण हसत म्हणाली. एकदाच म्हणाली. आतून तिला अभिमान वाटला होता. आपलं पान, आपला भाऊ. मग ती मूग गिळून बसली.

तिने कपाटाचा खण उघडला. दादाला द्यायला आणलेली पट्ट्यांची नवी डबी तिथे होती. डबीवरचं बारीक अक्षर तिने आजवर वाचलंच नव्हतं, वाचायची गरजच काय? आता वाचलं. पट्टीतही तेच होतं. साखरेपासून पेरॉक्साइड, पेरॉक्साइडपासून रंग. शेवटी एक सूचनाही होती: काही पदार्थ लघवीत उतरले तर पट्टी साखर असूनही दाखवत नाही.

म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळीने तिला शेंडी लावली, तशीच घरातल्या पट्टीने दादाला लावली. सहा आठवडे दादाची साखर किती होती, हे या जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि गेल्या रविवारी ती म्हणाली होती, "दादा, बारीक झालास की! छान दिसतोस." देवा रे.

तिने दादाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वहिनीला लावला. वहिनी कारखान्यातच पॉलिशचं काम बघायची.

"अगं, ते कटरवर आहेत," वहिनी ओरडून बोलत होती, कारण मागे करवतीचं यंत्र किंचाळत होतं. "सकाळपासून पाण्याच्या चार बाटल्या रिचवल्या. झोपाळल्यासारखे दिसतायत. म्हटलं पडा जरा, तर ऐकतील तर शपथ. चौकटी आजच द्यायच्यात म्हणे."

"वहिनी, यंत्र बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"काय? ऐकू येत नाही गं!"

"यंत्र बंद कर!"

"ते माझं ऐकतात होय? तू ये आणि सांग," असं म्हणून वहिनीने फोन ठेवलासुद्धा.

धाकटीने अंगातला पांढरा कोटही काढला नाही. जिन्यावरून धावताना दोनदा ठेचकाळली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र घेतलं आणि टॅक्सीत बसली. रस्ता काही संपेना. प्रत्येक सिग्नल लाल. टॅक्सीवाला आरशातून म्हणाला, "ताई, पाय आपटून गाडी पुढे जात नाही." एरवी तिने त्याला चार शब्द सुनावले असते. तिच्या डोळ्यांसमोर फक्त करवतीचं गोल पातं फिरत होतं आणि त्याच्याकडे सरकणारा दादाचा हात.

कारखान्याच्या दारात ती पोहोचली तेव्हा भुशाच्या धुरळ्यात दादा यंत्रापुढे उभा होता. फळी पुढे रेटत होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, पुन्हा मिटत होत्या. डावा हात पात्यापासून वीतभर. धाकटीने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला.

यंत्र कण्हत कण्हत थांबलं. दादाने सावकाश वर पाहिलं.

"वीज गेली वाटतं," तो म्हणाला. खटक्यावर हात ठेवून ती समोर उभी होती आणि ते त्याला दिसलंच नव्हतं. मग नजर तिच्यावर स्थिरावली. "अरे, डॉक्टरीणबाई! कोट घालून आलीस? कुणाला तपासायला?"

"तुला. खाली बस."

"चौकटी व्हायच्यात अजून."

"चौकटी गेल्या खड्ड्यात. दादा, पान खोटं आहे."

पॉलिशचा बोळा हातात घेऊन वहिनीही आली. धाकटीने धापा टाकत सांगितलं. पान साखर कमी करत नाही, साखर दाखवणारा रंग मारतं. पट्टीचाही मारतं.

दादा हसला. जीभ जड झाली होती. "तुझंच पान, तुझ्याच पट्ट्या. आणि आता तूच म्हणतेस खोटं? कालपर्यंत तिप्पट जोर होता ना?"

"कालपर्यंत मी गाढव होते."

"मग आजही असशील," दादा म्हणाला. "जा, काम करू दे." आणि तिने पिशवीतून रक्त तपासायचं यंत्र काढलेलं पाहताच त्याने दोन्ही हात काखेत दडवले. "सुई नाही. सांगून ठेवतोय. पट्टी आणायची असेल तर आण."

"पट्टीच आणलीय," धाकटी म्हणाली.

तिने टेबलावरचा भुसा हाताने लोटला. खिडकीत काढ्याचा पेला झाकून ठेवलेला होता, दुपारचा. तिने दुसऱ्या पेल्यात पाणी ओतलं. वहिनीला म्हणाली, "चहाची साखर दे." ती साखर घातली तर पट्टी ओळखत नाही, पट्टीला ग्लुकोज लागतं. हे अर्ध्यात आठवून तिने वहिनीचा हात थांबवला. "थांब. उन्हाळ्यात पाण्यात घालून पिता ती ग्लुकोजची पावडर आहे ना?" होती. फळीवर डबा होता.

"वहिनी, तूच घाल. दोन्हीत एकेक चमचा. माझ्या हातावर आज माझाच विश्वास नाही."

वहिनीने घातली, ढवळली. धाकटीने दोन पट्ट्या दादाच्या हातात दिल्या. "बुडव."

दादाने एक पाण्यात बुडवली, एक काढ्यात. तिघं वाकून बघत राहिले. पाण्यातली पट्टी हिरवी झाली, मग गडद हिरवी, मग जवळजवळ काळी. काढ्यातली पट्टी पिवळीच राहिली. स्वच्छ, निर्मळ पिवळी, गेले सहा आठवडे रोज सकाळी दिसायची तशीच.

"चमचाभर घातली मी," वहिनी पुटपुटली. "माझ्या हाताने घातली."

दादा त्या पट्टीकडे बघत राहिला. त्याने ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. तोंडावरचं हसू कधी गेलं ते कुणाला कळलं नाही. मग त्याने उजवा हात पुढे केला आणि मान दुसरीकडे फिरवली. वहिनीने मनगट घट्ट धरलं. धाकटीने टोचलं. तो लहान मुलासारखा विव्हळला आणि धाकटीला रडू फुटलं.

यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली की उमटतात ती दोन अक्षरं तेवढी उमटली.

"किती आली?" दादाने विचारलं आणि उठायला गेला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना गुडघे मुडपले, आणि तो फळ्यांच्या थप्पीवर कोसळला.

पुढचा तासभर धाकटीला नीट आठवत नाही. टॅक्सी, दादाचं खांद्यावर पडलेलं जड डोकं, रुग्णालयाचा लांबच लांब बोळ, स्ट्रेचर. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादाच्या दोन्ही हातांना नळ्या लागल्या होत्या. त्याने सुयांना हूं की चूं केलं नव्हतं, यातच सगळं आलं. दोन बाटल्या सलाईन गेल्यावर त्याने डोळे उघडले. वहिनी उशाशी स्टुलावर बसली होती, धाकटी पायथ्याशी उभी.

तरुण डॉक्टरबाई फाईल घेऊन आल्या. "जागे झालात? छान. उद्यावर ढकललं असतं, तर हे संभाषण झालं नसतं." त्यांनी पेन उघडलं. "मला नीट सांगा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

वहिनी चटकन म्हणाली, "बंद कुठे? रोज घेतात. मी रोज पाण्याचा पेला देते."

डॉक्टरबाईंनी दादाकडे पाहिलं. दादाने ओल्या डोळ्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं आणि तिला काय होतंय ते कळायच्या आत तो बोलून गेला. "मीच बंद केल्या. चार दिवस झाले. फार तर पाच. कुणाला काही माहीत नव्हतं. हिलाही नाही."

डॉक्टरबाई लिहू लागल्या. "पाच दिवसांत एवढी? मग दुसरंच काही कारण असणार. आत कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधावं लागेल. उद्याच्या तपासण्या बदलते मी."

दादा तिला वाचवत होता. लहानपणापासून तेच करत आला होता, आणि एवढ्या थकव्यातही त्याला तेच सुचलं. मूग गिळून गप्प राहायची संधी आयती चालून आली होती. कागदावर एक खोटा आकडा उतरत होता, आणि त्या आकड्यावर विसंबून उद्या कुणीतरी दादावर भलतेच उपचार करणार होतं.

"डॉक्टर, खोडा ते," ती म्हणाली. "पाच दिवस नाही. सहा आठवडे."

"ठमे, गप," दादा म्हणाला.

"सहा आठवडे झाले. त्यातले तीन आठवडे मला माहीत होतं. ते पान मीच सांगितलं. पट्ट्या मीच दिल्या. माझा प्रयोग चुकला होता."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं, मग त्यांनी आधीची ओळ खोडली. वहिनी धाकटीकडे बघत होती. तिच्या बोटांना अजून पॉलिश लागलेलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी रोज पाणी देत होते त्यांना," वहिनी म्हणाली. "रोज. आणि तू रविवारी माझ्या हातचं जेवून गेलीस."

धाकटीला म्हणायचं होतं की माफ कर. म्हणायचं होतं की मला वाटलं पान खरं आहे, मला इतकं हवं होतं ते खरं असायला. पण तोवर वहिनीने स्टूल उचललं, खाटेच्या पलीकडे नेलं आणि तिच्याकडे पाठ करून बसली. मग दादाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काढा रोज किती घेत होते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वहिनी वळली नाही. दादाने डोळे मिटून घेतले.

"दोन पेले," धाकटी म्हणाली. "सकाळी एक, दुपारी एक." आणि डॉक्टरबाई लिहीत होत्या तोवर ती पुढचं सांगत राहिली, एकही दिवस न गाळता.